जरमीनाच्या नावाचा रकाना

२० एप्रिल २०२१, मंगळवार
लसीचा दुसरा डोस झाला. दंड ठणकतोय. रांगेत पुढच्या बाईला मास्क नाकावर घ्यायला सांगितलं तर म्हणे, श्वास कोंडतो. म्हटलं, तो घ्यायला हॉस्पिटलात फार पैसे पडतात सध्या. घेतला वर.

नजीब सकाळपासून गॅलरीत फोनवर, काबूलला भावाशी. भाषा कळत नाही, पण आवाज चढला की कळतं. जेवताना विचारलं. अमेरिकन फौज सप्टेंबरपर्यंत परत जाणार, जाहीर झालंय. भाऊ हमीद सहा वर्षं त्यांच्या एका तुकडीचा दुभाषा. गावात शिरताना पुढे तो, बोलणार तो, लोकांनी तोंड पाहिलेलं त्याचं.

"मग त्याला बरोबर नेतील ना?"
"फॉर्म है, मावशी."

फॉर्म आहे म्हटल्यावर बरं वाटलं. फॉर्म आपल्याला येतात.

२३ एप्रिल, शुक्रवार
आक्का परब दाराशी. "काय गो शैला, तुझो पठाण जेवलो काय?"
नजीब आतून म्हणाला, "आक्का, मी पठाण नाही. ताजिक."
"व्हय तां. पठाणच तो."
वर्षभर हेच चाललंय. गेल्या लॉकडाऊनला हॉस्टेल बंद झालं तेव्हा रेवतीनं, माझ्या भाचीनं, आपला विद्यार्थी म्हणून "आठ दिवस ठेव गं" सांगून आणून सोडला होता. एम.एस्सी. संपत आलं त्याचं. आतली खोली त्याची. भांडी स्वतःची स्वतः घासतो, त्यामुळे माझी तक्रार नाही.

२ मे, रविवार
हमीदचा फॉर्म भरला. नवरा, बायको, दोन मुलं. अख्खा दिवस गेला. नजीबचा लॅपटॉप, माझा चष्मा.

विम्याच्या कचेरीत जन्म गेला, दाव्यांच्या विभागात, तरी असा लांबलचक अर्ज पाहिला नव्हता. कुठे नोकरी, कोणाच्या हाताखाली, किती दिवस, शिफारस कोणाची. शिफारस तुकडीच्या कॅप्टनची आहे, ब्रायन नावाच्या. चांगली आहे, नेमकी. "या माणसामुळे माझी माणसं जिवंत परतली" असं एक वाक्य आहे.

बायकोच्या पानावर अडलो. नाव विचारलं तर नजीब खाली बघतो. अरे, वहिनीचं नाव सांगायला लाजतोस काय? तिकडे म्हणे घरातल्या बायकांचं नाव बाहेर घेत नाहीत. शेवटी हळूच म्हणाला, "जरमीना." पासपोर्टचा फोटो पाठव म्हटलं तर तिचा तेवढा आलाच नाही. हमीद नंतर पाठवतो म्हणाला. हसूच आलं. आक्कानं तरी नवऱ्याचं नाव कधी घेतलंय? रेशनकार्डाच्या वेळीसुद्धा बोट दाखवून "ह्येंचा" म्हणाली होती.

पान भरून टाकलं. संध्याकाळी हमीदकडे सहीला पाठवलं, रात्री सही होऊन आलं. फोनवर म्हणाला, "थँक्यू, मॅम. यू आर व्हेरी फास्ट." आवाज खणखणीत, शिस्तीचा. आवडला मला.

५ जुलै, सोमवार
अमेरिकन त्यांचा मोठा तळ रातोरात सोडून गेले. तिथल्या अफगाण पहारेकऱ्यांनाही सांगितलं नाही म्हणे. दिवे गेले तेव्हा कळलं.

घर सोडतानासुद्धा आपण शेजारी किल्ली ठेवतो.

हमीदच्या अर्जाचा क्रमांक आलाय, बाकी काही नाही. कॅप्टनला त्यानं लिहिलं होतं. तो आता फौजेत नाही, घरी असतो, पण उत्तर आलं: वर सगळ्यांना फोन करतोय, धीर धर.

नजीब म्हणाला, "अच्छा आदमी है." असेल.

१५ ऑगस्ट, रविवार
सकाळी झेंडावंदन, अंतर ठेवून. जिलेबी पाकिटात. चाळीचे सेक्रेटरी मोरे लांब बोलले.

दुपारपासून टीव्ही. काबूल पडलं. अध्यक्ष पळाले. नजीब जमिनीवर बसून होता, पाठ कपाटाला. जिलेबी तशीच. मी जेवायला वाढलं, जेवला. वाढलेलं टाकत नाही.

हमीदचा फोन लागला. गच्चीवर होता. विचारत होता, कॅप्टनबरोबरचे फोटो, प्रशस्तिपत्रं, ओळखपत्र, हे जाळू का? घराघरात शोधताहेत. मी म्हटलं, सगळ्याचे फोटो काढून इकडे पाठवा, पण मूळ कागद जाळू नका. मूळ कागदाशिवाय दारात कोणी उभं करत नाही. जरमीनानं पिठाच्या डब्यात तळाशी ठेवले, वर पीठ.

सल्ला बरोबर की चूक, कळत नाही. पिठात हात घालून बघणारे असतील तर चूक.

१७ ऑगस्ट, मंगळवार
मोरे आले. चपला न काढता उंबऱ्यातच. "बाई, तुमचं आम्ही ऐकतो नेहमी. पण आता तिकडे ते लोक आलेत. कमिटीतले म्हणतात, उगाच लफडं नको. पोलीस आले तर?"
"आले तर चहा द्या. त्याची नोंद पोलिसांकडे मी स्वतः जाऊन केली आहे."
"तसं नाही. गणपती तोंडावर आलेत…"
"गणपतीला तोच उभा राहून आरास लावतो, गेल्या वर्षी तुमचा मुलगा कुठे होता?"
गेले. मुलगा गावाला होता, ते मलाही माहीत आहे. जीभ आवरायला हवी.

नजीबनं ऐकलं असणार. संध्याकाळी म्हणाला, "मावशी, मी रेवती मॅडमकडे जाऊ का?" म्हटलं, दळण आण आधी.

२१ ऑगस्ट, शनिवार
मेल आली. हमीदच्या कुटुंबानं विमानतळाच्या अमुक दाराशी यावं, सोबतचा कागद दाखवावा. चौघांची नावं कागदावर. नजीबनं मला उचललंच जवळजवळ. सोड म्हटलं, कंबर मोडेल.

कॅप्टनचा हमीदला फोन: आत शिरलास की मला कळव, मी जागा आहे.

आक्कानं देवाला नारळ ठेवला. "पठाण असलो म्हणान काय झाला."

२३ ऑगस्ट, सोमवार
परत आले.

काल पहाटेपासून गटाराच्या नाल्यात उभे होते गुडघाभर. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीनचा, तो हमीदच्या खांद्यावर. आज दुपारी दारापर्यंत पोचले. शिपायानं कागद पाहिला, पासपोर्ट पाहिले. हमीद ठीक. मुलं ठीक. जरमीनाचा पासपोर्ट उलटा-सुलटा केला, म्हणाला, ही ती नव्हे. कागदावर "जरमीना हमीद नूरी". पासपोर्टवर "जरमीना करीमी".

हमीदनं त्याला सांगितलं, ही माझी बायको आहे, ही मुलांची आई आहे. मुलगी आईचा हात धरून. शिपाई म्हणाला, तुम्ही तिघं आत या. पटकन. मागे लोक ढकलत होते. हमीद म्हणाला, फोर. तो म्हणाला, थ्री, ऑर नोबडी.

मागे वळले.

मी लॅपटॉप उघडून दोन मेचा फॉर्म पाहिला. माझंच भरणं. आधी तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग नवऱ्याचं आडनाव. माझा हात दुसरं काही लिहीतच नाही. माझं स्वतःचं नाव लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं लिहिलं होतं, माहेरचं एक अक्षर ठेवलं नव्हतं. पुढे हजारो बायकांची नावं तशीच तपासली.

नजीबला विचारलं, तेव्हा का नाही बोललास?
"आपने पूछा, पति का नाम. मैंने बताया." मग थोड्या वेळानं, "हमारे यहाँ औरत का नाम नहीं बदलता, मावशी."

बरोबर आहे. विचारलं तेच त्यानं सांगितलं. पासपोर्ट आल्याशिवाय पान भरायचं नाही, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायची.

२४ ऑगस्ट, मंगळवार
हमीदला फोन लावून स्वतः सांगितलं. चूक माझी, तुमच्या भावाची नाही. इंग्रजीत सांगितलं म्हणजे मध्ये कोणी नको.
तो म्हणाला, "मॅम, मी सही करताना पाहिलं होतं. मला वाटलं अमेरिकेला असंच लागतं. कॅप्टनच्या बायकोचंही नाव त्याचंच आहे."
तो दोष वाटून घेत होता. मी घेऊ दिला नाही.

दिवसभर मेल लिहिल्या. दुरुस्तीचा अर्ज, पासपोर्टचा फोटो, निकाहनामा, मुलीचा जन्मदाखला, त्यात आईचं नाव करीमी. उत्तरं मशीनची. "आपला संदेश आम्हाला मिळाला आहे."

रेवती फोनवर म्हणाली, मावशी, त्या गर्दीत त्यांनी काहीही कारण काढलं असतं. असेलही. कारण त्यांना हवंच होतं. ते मी टाईप करून दिलं.

२६ ऑगस्ट, गुरुवार
त्याच दाराशी स्फोट. त्याच नाल्यात. टीव्हीवर दाखवलं ते बघवलं नाही, बंद केला.

हमीद आणि मंडळी जरमीनाच्या मामाकडे होती, शहराबाहेर. फोन लागेपर्यंत नजीब गॅलरीत चालत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "अरे झोपू द्या की रात्रीचं." मी वाकून त्यांच्याकडे पाहिलं. मग नाही ओरडले.

आक्का म्हणाली, "बरा झाला परत इले ते. देवानंच तुझ्या हातून लिवून घेतला तां."
म्हटलं, आक्का, असं पुन्हा बोलायचं नाही. तिचा चेहरा उतरला. ती माझ्या भल्यासाठीच बोलत होती. पण असा जमाखर्च मी करणार नाही. तीन दिवस आधी दारातून आत गेले असते तर स्फोटाच्या वेळी ते तिसऱ्याच देशात चहा पीत असते.

३१ ऑगस्ट, मंगळवार
शेवटचं विमान गेलं. टीव्हीवर एक निवृत्त अधिकारी म्हणाले, सैन्याची माघार यशस्वी. ज्यांची माणसं घरी पोचली त्यांच्यासाठी झालीच यशस्वी. हमीदला "आमचा माणूस" म्हणत होते सहा वर्षं. तो त्यांच्या माणसांत मोजला गेला नाही एवढंच.

दहीहंडी बंदच यंदा. चाळ गप्प. नजीबनं प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं. मीच बसवला. नुसतं बसून राहिला असता तर मलाच सोसलं नसतं.

६ सप्टेंबर, सोमवार
कॅप्टनचं पत्र, हमीदला. हमीदनं मला पाठवलं, वाचा म्हणून. खूप लांब. झोप येत नाही, लाज वाटते, मुलाला शाळेत सोडताना तुझी मुलगी आठवते. माफीचं पत्र लांब असलं की समजावं काम झालेलं नाही.

तरी शेवटी कामाचं एक वाक्य आहे: दुरुस्तीचा अर्ज कोणत्या टेबलावर आहे ते त्यानं शोधून काढलंय, त्या माणसाचा थेट पत्ता दिलाय. लगेच मेल केली. तुसडेपणानं वाचलं मी त्याला. तो करतोय.

१० सप्टेंबर, शुक्रवार
गणपती आले. आरास नजीबनंच लावली. मोरे बघून गेले, म्हणाले, "मस्त झालीय हां." एवढ्यावर मिटलं ते.

आक्काकडे मोदक. नजीबला पाचवा वाढताना म्हणाली, "खा रे, तुझ्या वैनीनं आज काय रांधल्यान?" तो म्हणाला, रोटी और चाय. ती वाढता वाढता थांबली. मग म्हणाली, "नाव काय तिचा?" तो म्हणाला, "जरमीना." मोठ्यानं, सगळ्यांसमोर.

१९ ऑक्टोबर, मंगळवार
तिकडे तिसरं घर बदललं. हमीद दाढी वाढवून असतो, बाहेर पडत नाही. मुलीची शाळा सुटली. ती घरातच पाढे म्हणते, नजीबनं फोनवर सतराचा घेतला तिचा. अडखळली, पण पूर्ण केला.

दुरुस्तीचं उत्तर नाही. दर सोमवारी मेल टाकते. मजकूर तोच, तारीख नवी. माझ्याच टेबलावर बायका अशा सोमवारी यायच्या. नाव जुळत नाही म्हणून मी कागद परत द्यायची. नियम बरोबर होता, अजूनही म्हणते. पण त्या परत जाऊन पुढे काय करायच्या, कुठे बसायच्या, हे कधी मनात आलं नव्हतं. आता आलं.

९ नोव्हेंबर, मंगळवार
उत्तर आलं.

हमीद व दोन मुलं: मंजूर. काबूलहून विमान सुरू झालंय, पुढच्या आठवड्यात जागा आहे, तिसऱ्या देशात ठेवून मग पुढे. जरमीना: आधीच्या नोंदीशी जुळत नसल्यामुळे नवा स्वतंत्र अर्ज. कालावधी सांगता येत नाही.

हमीदला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "फोर, मॅम." त्या दाराशी म्हणाला होता तसंच.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार
तिकडे हमीदच्या शेजारच्या गल्लीतला एक दुभाषा उचलून नेला. त्याच्याच तुकडीतला. घरच्यांना पत्ता नाही.

नजीबनं सांगितलं आणि भाजी चिरत राहिला. बोट कापलं. बांधून दिलं.

१४ नोव्हेंबर, रविवार
उद्यापर्यंत त्या विमानाला हो-नाही कळवायचं आहे. पाच वाजता हमीदचा फोन येणार. काल म्हणाला, "मॅम, तुम्हाला ऑफिसचं कळतं. नव्या अर्जाला किती लागेल तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल त्यावर ठरवीन."

दुपारी नजीब बाजारात गेला तेव्हा माझ्या फोनवर अनोळखी नंबर. बाईचा आवाज, हिंदी स्वच्छ, मालिकांमधून शिकलेलं.
"मैं जरमीना करीमी बोल रही हूँ."
पहिल्यांदाच बोललो आम्ही. मी माफी मागायला लागले. म्हणाली, उसका वक़्त नहीं है, वो छत पर हैं, अभी आ जाएँगे.

तिचं म्हणणं थोडक्यात. हमीद राहिला तर आज ना उद्या उचलतील. तिला एकटीला कोणी हात लावणार नाही, ती मामाकडे राहील. मुलं बापाबरोबर जाऊ देत, मुलगी शाळेत जाईल. पण तो तिचं ऐकत नाही. "आपका मानेंगे. आप कह दीजिए, मेरा काग़ज़ छह महीने में हो जाएगा."

मी म्हटलं, ते मला माहीत नाही. असे अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात. कधी होतच नाहीत.

"मुझे मत बताइए," ती म्हणाली. "उनको बताइए. छह महीने."

तीन वर्षांच्या मुलाबद्दल विचारलं. म्हणाली, रोएगा, फिर भूल जाएगा. आणि फोन ठेवला.

मी खोटं सांगत नाही, हे चाळीत सगळ्यांना माहीत आहे, हमीदला माहीत आहे. तिलाही माहीत आहे, म्हणूनच ती माझ्याकडे आली. दुसऱ्या कोणाचे सहा महिने त्यानं मानले नसते.

खरं सांगितलं तर तो राहील. राहिला तर त्या गल्लीतल्या माणसासारखं व्हायला किती वेळ. सहा महिने म्हटलं तर तो जाईल, आणि ती तिथे, आणि सहा महिन्यांनी तो मला विचारेल. मग एक वर्षानं. तेव्हा मी असेन का हेही सांगता येत नाही. अमेरिकन फौजेनं केलं तेच, आपल्या माणसाला मागे टाकून जाणं, मी त्याच्याकडून करवून घेणार, आणि तेही तीच म्हणतेय म्हणून. तिचं नाव मी एकदा तिला न विचारता लिहिलं. आता तिनं स्वतः सांगितलंय, तर तेही ऐकायचं नाही?

नजीबला सांगितलेलं नाही. तो आला, पिशवी ओट्यावर ठेवली, विचारलं, कोणाचा फोन होता? म्हटलं, गॅसवाल्याचा. म्हणजे आज एक खोटं झालंच.

लिहून ठेवते आहे, कारण जे बोलेन त्याची नंतर मला वेगळी हकिकत करता येऊ नये.

पाच वाजले. नजीब फोन हातात घेऊन दारात उभा आहे, म्हणतो, "भाईजान आहेत. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात."